‘इन्नोंदु’ आणि ‘साकु’

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर मराठी, सासर कानडी. मुलं आपसात भांडतात मराठीत आणि त्याची तक्रार आजीकडे नेतात ती कानडीत. माझ्या व्यायामशाळेतही हीच तऱ्हा. ‘एक, दोन, तीन’ अशी मोजणी मराठीत चालते, पण समोरचा दमला, हात थरथरायला लागले की माझ्या तोंडून आपसूक कानडी शब्द निघतो, ‘इन्नोंदु!’ म्हणजे अजून एक.

या एका शब्दावर किती पोरापोरींनी आयुष्यातला पहिला पुल-अप मारला, याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्याच शब्दाने एका पोराला इस्पितळात पोचवलं, याचा हिशेब मात्र पक्का आहे. आज ते सांगायचं ठरवलं आहे.

तालमीच्या उंबऱ्याबाहेर

माझे अप्पा गावच्या तालमीचे वस्ताद. पहाटे साडेचारला तालमीत दिवा लागायचा. जोर, बैठका, मुद्गल, मग तांबड्या मातीत लढती. शेजारच्या कानडी गावची पोरंही यायची. ती तालमीला गरडी म्हणायची, पण माती एकच. जत्रेत कुठे संग्राणी कल्लु उचलायची पैज असली की दोन्हीकडची पोरं मिळून जायची. मुलींना मात्र तालमीचा उंबरा ओलांडायची बंदी. मी खिडकीच्या गजांतून बघायची आणि घरी परसात जोर मारायची. अप्पांना ते माहीत होतं. ते बोलले कधीच नाहीत, पण दुधाचा पेला माझ्यासाठीही भरला जाऊ लागला.

अप्पांचा एक नियम होता. तापातून उठलेला पोरगा आला की त्याला आठ दिवस लढत नाही. त्याने माती उकरायची, पाणी मारायचं, बाकीच्यांना वारा घालायचा. पोरं कुरकुरायची. अप्पा म्हणायचे, ‘‘ताप गेला म्हणजे ताकद आली असं नाही.’’ हा नियम मी लहानपणी शंभरदा ऐकला. नंतर विसरले.

पुढे कबड्डी, मग व्यायाम शिक्षणाची पदवी, मग लग्न. मिस्टरांच्या नोकरीमुळे काही वर्षं बेंगळुरूत होतो. तिथे पस्तिशीत मी पहिल्यांदा क्रॉसफिट बघितलं. वजन उचलणं, दोरीवरच्या उड्या, रिंग, धावणं, रोइंग, सगळं एकात एक, तेही घड्याळ लावून. बायका पुरुषांच्या शेजारी उभ्या राहून तोच व्यायाम आपापल्या वजनावर करत होत्या. मला खिडकीचे गज आठवले. दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

बेळगावला परतल्यावर वडगावात सासऱ्यांची मागाची शेड रिकामी पडली होती. माग बंद होऊन वर्षं झाली होती. २०१७ मध्ये तिथे लोखंडी बीम ठोकले, जुने टायर आणले, वाळूची पोती शिवली आणि व्यायामशाळा सुरू केली. सासूबाईंनी नारळ फोडला आणि कानडीत विचारलं, ‘‘इथे साड्या विणायचे, तू काय विणणार?’’

हा खेळ आहे तरी काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियात ग्रेग ग्लासमन या माजी जिम्नॅस्टने २००० साली क्रॉसफिट नावाने ही पद्धत सुरू केली. २००७ मध्ये तिथल्या अरोमास गावाजवळच्या एका रँचवर पहिली स्पर्धा झाली, क्रॉसफिट गेम्स. विजेत्याला ५०० डॉलर मिळाले. आज फंक्शनल फिटनेस या नावाखाली जगभर अनेक स्पर्धा भरतात. २०११ पासून ‘ओपन’ नावाची चाचणी फेरी असते. ठरावीक आठवड्यांत जाहीर होणारा व्यायाम आपापल्या गावच्या व्यायामशाळेत, पंचासमोर करायचा आणि गुण पाठवायचे. पंचाने ‘नो-रेप’ म्हटलं की ती आवृत्ती धरली जात नाही. चौदा वर्षांच्या मुलापासून साठी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत वयोगट असतात.

२०१८ मध्ये मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा ओपन केली. जगाच्या यादीत माझा क्रमांक शोधायला बरंच खाली जावं लागलं. तरी त्या यादीत माझं नाव होतं. अप्पांना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘लढत कुणाशी?’’ मी म्हटलं, ‘‘घड्याळाशी.’’ ते म्हणाले, ‘‘मग जपून. घड्याळ दमत नाही.’’

शेडच्या भिंतीवर मी तीन चित्रं लावली होती. अमेरिकेचा मॅट फ्रेझर, २०१६ ते २०२० सलग पाच वेळा विजेता. आइसलँडची अॅनी थॉरिसदोत्तिर, २०११ आणि २०१२ ची विजेती. आणि ऑस्ट्रेलियाची टिया-क्लेअर टूमी, जिने २०१७ पासून २०२२ पर्यंत सलग सहा वर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. चित्रांखाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इन्नोंदु’. मराठीत आणि कानडीतही.

मे महिन्यातली सकाळ

२०२३ चा मे. खानापूर तालुक्यातला एकोणीस वर्षांचा एक पोरगा माझ्याकडे भरतीची तयारी करत होता. अग्निवीरची लेखी परीक्षा झाली होती, मैदानी चाचणी तोंडावर होती. १.६ किलोमीटर धावणं, नऊ फुटी खंदक, तोल सांभाळत नागमोडी चालणं आणि बीम. भरतीची पोरं पुल-अपला बीमच म्हणतात. दहा बीमचे पूर्ण चाळीस गुण. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या गावात कुठल्या घरातून फौजेत कुणी गेलेलं नाही? त्याचेही मामा फौजेतच होते.

त्याला टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणात. उठला तो थेट शेडमध्ये. गालफडं आत गेलेली, पण डोळ्यांत घाई. ‘‘अक्का, दिवस राहिले नाहीत,’’ म्हणाला. त्या दिवशी आमच्याकडे ‘मर्फ’ लावलं होतं. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या मायकेल मर्फी या अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याच्या नावाचा हा व्यायाम. एक मैल धावणं, १०० पुल-अप, २०० जोर, ३०० बैठका, पुन्हा एक मैल धावणं. तेही अंगात सुमारे नऊ किलोचं जाकीट घालून. जाकीट मी घालू दिलं नाही आणि तेवढ्यावरच आपण काळजी घेतली असं मानलं.

साठाव्या पुल-अपला त्याचे हात सुटले. तो माझ्याकडे बघत होता. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. सगळे ओरडत होते आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. इन्नोंदु, इन्नोंदु. त्याने शंभर पुरे केले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन. दंड सुजून टणक झालेत, कोपर सरळ होत नाही, आणि लघवी काळ्या चहासारखी होते आहे.

स्नायू विरघळतो तेव्हा

डॉक्टरांनी सांगितलं, रॅब्डोमायोलिसिस. स्नायूवर त्याच्या आवाक्याबाहेरचा ताण आला की त्याचे तंतू फुटतात आणि आतले पदार्थ रक्तात उतरतात. त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं, लघवीचा रंग गडद होतो. वेळीच सलाइन लावलं नाही तर मूत्रपिंड बंद पडू शकतं. सीके नावाची रक्ततपासणी करतात. एरवी दोनशेच्या आतबाहेर असणारा तो आकडा त्याच्या बाबतीत पन्नास हजारांच्या पुढे गेला होता.

मला लाज कशाची वाटली, सांगते. हे मला ठाऊक होतं. खुद्द ग्लासमन यांनी २००५ मध्येच या धोक्यावर लेख लिहिला होता. त्या काळात या आजाराच्या नावाचं एक विदूषकाचं चित्रही गमतीने फिरायचं. मी ते बघून हसले होते. विदूषक माझ्या शेडमध्ये येईल असं वाटलं नव्हतं.

पाच दिवस पोरगा सलाइनवर होता. डायलिसिसची वेळ आली नाही, ही देवाची कृपा. मैदानी चाचणी हुकली. त्याची आई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘बाई, थांब म्हटलं की थांबणारा पोरगा आहे माझा. तुम्ही म्हटलंच नाही.’’

त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाई ताट घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं. त्या जन्मभर मागावर बसलेल्या. म्हणाल्या, धागा ताणला तर कापड घट्ट होतं, जास्त ताणला तर तुटतो, आणि तुटायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकायला विणकर लागतो.

चित्रांची दुसरी बाजू

महिनाभर शेड बंद ठेवली. त्या महिन्यात भिंतीवरच्या तिघांच्या कहाण्या पुन्हा नीट वाचल्या. जिंकलेली वर्षं मला पाठ होती. मधली वर्षं मी बघितलीच नव्हती.

मॅट फ्रेझर मुळात वेटलिफ्टर. ऑलिंपिकची स्वप्नं बघताना त्याचा पाठीचा मणका मोडला, शस्त्रक्रिया झाली, वेटलिफ्टिंग सुटलं. तो इंजिनिअरिंग शिकायला गेला. या खेळात आला तेव्हाही २०१४ आणि २०१५ मध्ये दुसराच राहिला. पाच विजेतेपदं त्यानंतरची.

अॅनी २००९ मध्ये पहिल्यांदा उतरली तेव्हा तिला मसल-अप, म्हणजे रिंगला लोंबकळून अंग रिंगच्या वर काढणं, जमत नव्हतं. ते तिने स्पर्धेच्या मैदानातच पहिल्यांदा केलं. दोन विजेतेपदांनंतर २०१३ मध्ये पाठीच्या दुखापतीने तिला थांबवलं. पुढच्याच वर्षी ती दुसरी आली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या उन्हात हेच ‘मर्फ’ करताना तिला उष्माघात झाला आणि ती स्पर्धेतून बाहेर पडली. ऑगस्ट २०२० मध्ये तिला मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, नंतर मन खचलं, आणि हे तिने जगापासून लपवलं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत, २०२१ मध्ये, ती जगात तिसरी आली.

टूमी २०१५ आणि २०१६ मध्ये दुसरी होती. २०१६ मध्येच ती रिओ ऑलिंपिकला वेटलिफ्टिंगमध्ये उतरली आणि ५८ किलो गटात चौदावी आली. २०१८ मध्ये त्याच गटात राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं. तिचा प्रशिक्षक तिचा नवराच, शेन ऑर. २०२३ मध्ये मुलगी झाली, ते वर्ष तिने स्पर्धा सोडली. २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिली.

२०२४ च्या त्याच स्पर्धेत, ८ ऑगस्टला, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या तलावात पोहताना सर्बियाचा लाझार जुकिच बुडाला. वय २८. शर्यत संपायला थोडंच अंतर उरलं होतं. इतका तयार खेळाडू, भोवती इतकी माणसं, तरी जीव गेला. ती बातमी वाचली तेव्हा मला साठावा पुल-अप आठवला. तो पोरगा माझ्याकडे बघत होता, आणि मी फक्त मोजत होते.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. जोर तर सगळेच लावतात. पण थांबावं लागलं तेव्हा हे थांबले, आणि परतताना पायरी पायरीने आले.

घरच्यांनी लक्षात ठेवावं असं

तुमच्याही घरात कुणी भरतीची तयारी करत असेल, जिमला जात असेल. म्हणून चार गोष्टी सांगते. व्यायामानंतर अंग दुखतंच, त्याला घाबरू नका. पण सूज आली, हात-पाय सरळ होईना, दुखणं नेहमीपेक्षा फारच जास्त असलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्यांनी मूत्रपिंडावर भार वाढतो. आजारपण, उपास, मोठी सुट्टी किंवा कडक ऊन यानंतर निम्म्याहूनही कमीपासून सुरुवात करा. आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शंभर पुल-अप करायला लावणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याला नाही म्हणा.

आता माझ्याकडे आजारातून उठलेला कुणीही आला की आठ दिवस टायर पुसतो, पोती भरतो, हलकं चालतो. पोरं कुरकुरतात. अप्पा २०२१ मध्ये गेले. त्यांचा नियम आता शेडच्या दारावर लिहिला आहे.

तो पोरगा? २०२४ मध्ये त्याने पुन्हा मैदान दिलं. दहाच्या दहा बीम मारले, पण अंतिम यादीत नाव आलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि २०२३ ची संधी मी परत देऊ शकत नाही. सध्या तो सकाळच्या बॅचला माझ्याबरोबर शिकवतो. २०२५ च्या ओपनमध्ये माझा पंच तोच होता. शेवटच्या मिनिटाला माझी कंबर वाकायला लागली, मला ते कळलंही नाही. मी पुढच्या आवृत्तीला खाली वाकले तेवढ्यात त्याने वजनावर पाय ठेवला.

‘‘साकु, अक्का,’’ म्हणाला.

पाच आवृत्त्या कमी पडल्या. मी भिंतीला टेकून बसले आणि पाणी मागितलं. भिंतीवर ‘इन्नोंदु’ अजून आहे, पुसलेला नाही. त्याच्याच शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्या पोराने ‘साकु’ लिहिलं आहे.