गुरुजींनाही नियम असतात

आपल्या वर्गाच्या भिंतीवर मुलांचे नियम लिहिले आहेत. नखे कापा. रोज शाळेत या. खरे बोला. मला वाटायचे, नियम फक्त पोरांनाच. पण शिक्षक दिनाला गुरुजी म्हणाले, "आम्हालाही नियम आहेत." ते मी विचारून घेतले. ते सर्वांना कळावेत म्हणून हा लेख लिहीत आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी कसे वागावे याचे नियम १९६७ साली झाले. त्यांना वर्तणूक नियम म्हणतात. पुढे २००९ साली ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात शिक्षकांची कामे सांगितली आहेत, ती अशी :

१) शिक्षकाने रोज व वेळेवर शाळेत आले पाहिजे.
२) सगळा अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत शिकवून पूर्ण केला पाहिजे.
३) कोणाला किती येते ते पाहून, मागे राहिलेल्या मुलाला जास्त शिकवले पाहिजे.
४) पालकांची सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती सांगितली पाहिजे.
५) खाजगी शिकवणी घ्यायची नाही.
६) मुलाला मारायचे नाही. त्याच्या मनाला लागेल असा छळही करायचा नाही.

हे नियम मोडले तर शिक्षकावर कारवाई होते. पण काम नीट केले नाही अशी तक्रार आली, तर कारवाईच्या आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. म्हणजे शिक्षकावरही अन्याय व्हायला नको.

गुरुजी निवडणुकीला किंवा जनगणनेला गेले की आपण म्हणतो, "बरं झालं, गुरुजी नाहीत." पण ते काम कायद्यानेच त्यांना दिलेले आहे. तिसरे काम म्हणजे पूर, भूकंप अशा संकटात मदत. याशिवाय शिक्षणाबाहेरची इतर कामे त्यांना लावायची नाहीत, असेही कायदा म्हणतो.

आता सहाव्या नियमाची गोष्ट सांगते. जूनमध्ये माझ्या धाकट्या भावाचे नाव पहिलीत घातले. तेव्हा आण्णा गुरुजींना म्हणाले, "ऐकलं नाही तर चांगला बडवा. आमचं काही म्हणणं नाही." गुरुजी म्हणाले, "ते कायद्यात बसत नाही आणि मला पटतही नाही. मारल्यावर पोरगं पाढा विसरतं, मार तेवढा लक्षात ठेवतं."

घरी येताना आण्णा गप्प होते. रात्री मी विचारले, "आण्णा, तुम्ही शाळा का सोडली?" ते म्हणाले, "तिसरीत होतो. वजाबाकी चुकली म्हणून बोटांवर रूळ मारला. बोटं सुजली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला ओढ्यात लपून बसलो. मग गेलोच नाही."

मी म्हटले, "मग बारक्याला मारा असं का सांगितलं?"

आण्णा म्हणाले, "मला वाटलं, शिकवायची तीच रीत असते."

तेव्हा हा कायदा नव्हता. असता तर आण्णा पुढे शिकले असते, असे मला वाटते.

एक नियम मात्र गुरुजींनी सांगितला नाही, तो मी पाहिला. मागच्या महिन्यात माझे गणित बरोबर असताना त्यांनी चूक दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझं बरोबर होतं. माझंच चुकलं." त्या दिवसापासून मला न आलेले विचारायची भीती वाटत नाही.

पालकांना माझी विनंती आहे की, सभेला या. मुलगा किती शिकला ते विचारा. पण मारा असे सांगू नका.

आण्णा अक्षर जुळवून जुळवून वाचतात. आज तेही शाळेत येणार आहेत. म्हणून मी हा लेख मोठ्या अक्षरात काढला आहे.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी