सहा इंचांची पायरी

बर्लिनच्या राउल क्राउटहाउझेन यांना मित्रांना भेटायचं असलं की कॅफे ठरलेला असे. एके दिवशी एका मित्राने कंटाळून विचारलं, दर वेळी इथंच का? क्राउटहाउझेन यांची हाडं जन्मापासून ठिसूळ आहेत आणि ते विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर फिरतात. खुर्ची विनासायास आत जाईल अशी खात्री त्यांना त्याच कॅफेची होती. शहरात पायरी नसलेले कॅफे आणखीही होते, पण ते कुठे आहेत हे घरबसल्या कळायची सोय नव्हती. त्या प्रश्नातून २०१० साली ‘व्हीलमॅप’ हा नकाशा उभा राहिला. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर तो चालतो आणि जगात कुठलाही माणूस त्यात कुठल्याही दुकानाची नोंद करू शकतो. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. दारात पायरी नसेल तर हिरवा. सात सेंटिमीटरपर्यंतची एकच पायरी असेल तर पिवळा. त्याहून उंच असेल तर लाल.

सात सेंटिमीटर म्हणजे पावणेतीन इंच. आपल्याकडच्या दुकानाची साधी पायरी सहा-सात इंचांची असते. या हिशेबाने मुंबईच्या फोर्टात किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडला फिरणाऱ्याच्या नकाशावर लालच लाल दिसेल.

यात कोणाचा दुष्टावा नाही. मुंबईत पाऊस पडतो, रस्त्यावर पाणी साचतं, म्हणून इमारतीचं जोतं रस्त्यापेक्षा उंच ठेवायची रीत आहे, आणि ती शहाणपणाचीच आहे. जोतं उंच म्हणजे दाराशी पायऱ्या आल्या. फोर्टातल्या जुन्या इमारतींना तर दोन-तीन पायऱ्या, त्यावर दगडी उंबरठा आणि मग दार. तळमजल्यावर कॅफे येतो तेव्हा आतलं सगळं बदलतं. फरशी नवी, दिवे नवे, भिंतीवर कॉफीच्या बियांची चित्रं. दाराची पायरी मात्र तशीच राहते, कारण चालणाऱ्या माणसाला ती दिसतच नाही. पाय आपोआप उचलला जातो.

चाक आपोआप उचललं जात नाही. व्हीलचेअरची मागची चाकं मोठी आणि पुढची दोन लहान, स्वतःभोवती फिरणारी असतात. वजनाचा बराच भार मागच्या चाकांवर असतो, पण अडखळतात ती पुढची. दोन सेंटिमीटरचा उंबरठा, फरशीची उठलेली कड, नाहीतर फूटपाथच्या पेव्हर ब्लॉकमधली एक निसटलेली वीट त्यांना पुरते. आज सगळीकडे दिसणारी घडीची खुर्ची १९३३ साली अमेरिकेत तयार झाली. खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडलेले खाण अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे यंत्र अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज या दोघांनी ती बनवली. सीटखाली फुलीसारखे दोन दांडे, ओढले की खुर्ची मिटते आणि मोटारीत बसते. त्यामुळे माणूस घराबाहेर पडला. बाहेर पडल्यावर त्याला पायऱ्या भेटल्या.

पायरीवरचा उतारा म्हणजे रॅम्प. त्याचं गणित शाळकरी पोरालाही जमेल असं आहे: एक इंच चढायला बारा इंच लांबी. भारतातल्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मानकांतही एकास बारा हेच प्रमाण आहे. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांचा रॅम्प लागतो. अशा तीन पायऱ्यांना अठरा फुटांचा. खरी अडचण इथे आहे. अठरा फूट आणायचे कुठून? फूटपाथ महापालिकेचा, त्यावर आधीच वडापावची गाडी, झाडाचा पार आणि लावलेल्या मोटारसायकली. मग मालक काय करतो, तर दोन-अडीच फुटांची लोखंडी पाटी पायरीवर टेकवतो आणि ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ असं सांगतो. ही रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. इतक्या उभ्या चढावर खुर्चीचा तोल मागच्या आसाच्या मागे जातो, पुढची चाकं हवेत उठतात आणि माणूस पाठीवर आपटायची वेळ येते.

त्यापेक्षा टोरांटोत जे घडलं ते पाहण्यासारखं आहे. ल्यूक अँडरसन हे स्थापत्य अभियंता. २००२ साली डोंगरात सायकल चालवताना अपघात झाला आणि मणक्याला इजा झाली. पुढे नोकरी लागली त्या कार्यालयाच्या दाराशीच एक पायरी होती. अँडरसन आणि त्यांचे सहकारी मायकेल हॉपकिन्स यांनी २०११ साली ‘स्टॉपगॅप’ (म्हणजे तात्पुरती सोय) नावाचं काम सुरू केलं. शहराच्या जंक्शन नावाच्या भागापासून सुरुवात झाली. दाराशी एकच पायरी असलेली दुकानं, कॅफे, न्हाव्याची दुकानं त्यांनी गाठली. त्यांच्यासाठी प्लायवूडचे, उचलून ठेवता येणारे रॅम्प स्वयंसेवकांनी बनवले; लाकूड आणि रंग भागातल्या व्यापाऱ्यांनी दिला. रंग मुद्दाम भडक: पिवळा, लाल, निळा. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत तो भरला पाहिजे आणि हे इथे कशाला ठेवलंय, असा प्रश्न त्याला पडला पाहिजे, हा हेतू. बरेचसे रॅम्प दिवसभर बाहेर राहत नाहीत. दाराशी बेल असते, बेल वाजली की आतला माणूस रॅम्प आणून लावतो. पुढे कॅनडातल्या इतर शहरांतही हे रॅम्प गेले. हा कायमचा इलाज नाही हे त्यांच्या नावातच आहे, आणि ते लोकही तसंच म्हणतात.

मुंबईच्या फोर्टासाठी हा मार्ग विशेष उपयोगाचा आहे. तिथल्या वारसा इमारतींच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानग्यांचे हेलपाटे पडतात. घडीचा ॲल्युमिनियमचा रॅम्प बाजारात मिळतो, दोन माणसं तो सहज लावतात, काम झालं की दाराआड उभा राहतो. एका पायरीसाठी तो पुरे. तीन पायऱ्यांसाठी पुरत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. तिथे मागचं दार, बाजूची गल्ली किंवा लहान लिफ्ट असा मार्ग काढावा लागतो.

‘आमची पोरं उचलून घेतात ना’ हे वाक्य व्हीलचेअर वापरणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. वाक्यामागचा जिव्हाळा खरा असतो, आणि धोकाही. विजेवर चालणारी खुर्ची बॅटरीसकट शंभर किलोहूनही जास्त भरू शकते, वर माणूस. साध्या खुर्चीचे हात आणि पायटेकू अनेकदा निघणारे असतात. चार पोरं उत्साहाने तेच धरतात आणि अर्ध्या पायरीवर एकाच्या हातात नुसता दांडा येतो. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी भरलेल्या कॅफेत, सगळ्या टेबलांवरून माना वळलेल्या असताना, मोठ्या माणसाने चौघांच्या हातांवर आत का यावं? त्याला कॉफी हवी आहे, मिरवणूक नको आहे.

दार ओलांडलं की दुसरी परीक्षा सुरू होते, आणि तिचा निकाल मात्र अनपेक्षित लागतो. जुन्या इराण्याचं हॉटेल दारात बहुतेक वेळा नापास होतं, पण आत पास होतं. टेबलं सुटी, खुर्च्या लाकडाच्या, हलक्या. एक खुर्ची उचलून बाजूला ठेवली की व्हीलचेअरची जागा झाली. आणि चहा टेबलावर येतो; बिलही टेबलावर येतं. नव्या धर्तीच्या साखळी कॅफेचं उलट. मॉलमधला असेल तर दार सपाट, काच सरकणारी, रॅम्प चकचकीत. आत मात्र खिडकीपाशी उंच स्टुलांची रांग, भिंतीलगत जमिनीत ठोकलेले सोफे, मधे गुडघ्यांना आडवी येणारी जाड पायांची टेबलं. व्हीलचेअरवर बसलेल्याचे गुडघे टेबलाखाली जायला खाली साधारण सत्तर सेंटिमीटर मोकळे लागतात, आणि खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटरचं वर्तुळ. ज्या कॅफेत प्रत्येक चौरस फुटाचं भाडं मोजलं जातं तिथे ते वर्तुळ सगळ्यांत आधी जातं.

काउंटरही उंच. अमेरिकेतल्या अपंगत्वविषयक कायद्याच्या मानकांनुसार ग्राहकाच्या काउंटरचा काही भाग तरी छत्तीस इंचांहून उंच असू नये. आपल्याकडे काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या, टिप्सचा डबा आणि कार्डाचं यंत्र असा तट उभा असतो आणि पलीकडच्या मुलाला पलीकडूनच ‘सर, पुढचे’ असं ओरडावं लागतं. पुढचे सर खाली बसलेले आहेत हे त्याला दिसलेलं नसतं. यूपीआयने निदान पैसे देण्याचा भाग सोपा केला, तोही क्यूआरचा फलक हाताच्या टप्प्यात असेल तर.

मग नाव पुकारलं जातं आणि कप मिळतो. ज्याने कधी चाकाची खुर्ची हाताने ढकललेली नाही त्याला इथली गंमत कळणार नाही. खुर्ची सरळ न्यायची तर दोन्ही हात दोन्ही चाकांच्या कड्यांवर हवेत. एकाच हाताने ढकलली तर ती गोल फिरते. मग कप धरायचा कुठे? मांडीवर. मणक्याला इजा झालेल्या अनेकांच्या मांड्यांना संवेदना नसते. गरम कॉफी सांडली तर चटका जाणवत नाही, आणि भाजल्याचं कळतं ते नंतर कातडी लाल झालेली दिसल्यावर. ‘सेल्फ सर्व्हिस’ या पाटीचा हा अर्थ पाटी लावणाऱ्याच्या डोक्यात आलेला नसतो. उपाय बिनखर्चाचा आहे: मुलाने काउंटरमागून बाहेर येऊन कप टेबलावर नेऊन ठेवायचा. इराण्याकडे पोऱ्या हेच वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी करत आला आहे.

स्वच्छतागृहाचं काय सांगावं. बऱ्याच कॅफेंत ते पोटमाळ्यावर, गोल जिन्याने चढून. जिथे तळमजल्यावर ‘व्हीलचेअरसाठी’ म्हणून राखीव आहे तिथे दार उघडलं की आत मॉप, बादली, नॅपकिनची खोकी आणि नाताळचं प्लास्टिकचं झाड. ज्याला शौचालय मिळणार नाही तो कॉफी कमी पितो, किंवा पीतच नाही आणि लवकर उठतो. धंद्याच्या दृष्टीनेही हा तोटाच.

रस्त्यावरून कॅफेच्या दारापर्यंत पोचणं ही तर वेगळीच कथा. मोटारसायकली फूटपाथवर चढू नयेत म्हणून मुंबई महापालिकेने फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवले, पण इतके जवळजवळ की व्हीलचेअरही अडली. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने याबद्दल लिहिल्यावर २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली.

व्हीलमॅप जिथे जन्मला त्या जर्मनीत खासगी कॅफेंवर सुगम्यतेची पुरेशी सक्ती नाही, अशी तिथल्या कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे. आपला कायदा मात्र कागदावर त्यांच्याहून कडक आहे, हे फार कमी कॅफेमालकांना ठाऊक असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे सरकारी कचेरीच नव्हे. लोक व्यापारासाठी किंवा करमणुकीसाठी जातात अशी खासगी इमारतही त्यात येते. असलेल्या इमारती सुगम्य करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या उल्लंघनांना पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. राजीव रातुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सुगम्यतेची मानकं केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवणारा नियम १५ कायद्याशी विसंगत असल्याचं त्यात म्हटलं आहे, आणि सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यातल्या किती जणांना या कॅफेंमध्ये जायचं आहे, असा प्रश्न मालक विचारतात. दारात पायरी असताना त्या प्रश्नाचं उत्तर मिळायची शक्यता नाही.

तेव्हा कॅफेवाल्यांनी निदान एवढं करावं. पायरी मोजावी, एकच पायरी असेल तर तिच्या उंचीच्या बारापट लांबीचा घडीचा रॅम्प घ्यावा, दाराशी बसलेल्याचा हात पोचेल अशा उंचीवर बेल लावावी, एक टेबल सुट्या खुर्च्यांचं ठेवावं आणि स्वच्छतागृहातली खोकी हलवावीत. ग्राहकांनीही बिल देताना रॅम्प कुठे आहे ते विचारावं. दहा जणांनी विचारलं की मालकाला ऐकू येतं. आणि विचारूनही काही हललं नाही तर पायरीची उंची लिहून, फोटो जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.