तिकीट कोण फाडतंय?

माग्डेबुर्गच्या ट्राममध्ये कंडक्टर नसतो, हे पप्पांच्या गळी उतरवणं मला माझ्या अख्ख्या शिक्षणापेक्षा अवघड गेलं. त्यांची सगळी नोकरी भोकर आगारात कंडक्टर म्हणून झाली. नांदेड, किनवट, म्हैसा, सगळे रूट पाठ. फोनवर पहिला प्रश्न आला, "मग तिकीट कोण फाडतंय?"

"कुणीच नाही. आपलं आपण काढायचं, गाडीतल्या मशीनमध्ये शिक्का मारायचा."

"आन् नाही काढलं तर?"

नाही काढलं तर एरवी कुणी विचारत नाही. पण एखाद्या दिवशी समोर बसलेला जाकीटवाला माणूस उठतो, खिशातून ओळखपत्र काढतो आणि तिकीट मागतो. नसेल तर ६० युरो दंड. पप्पांनी लगेच हिशेब केला, सहा हजाराच्या आसपास! आवाजात समाधान आलं. "म्हणजे चेकर हाय की. मग ठीक हाय." माझं तिकिटाचं म्हणाल तर बऱ्याच जर्मन विद्यापीठांत सत्राच्या वर्गणीतच प्रवासाचा पास येतो, त्यामुळे विद्यार्थ्याला रोज काढावं लागत नाही. हे ऐकून त्यांना आपल्या सवलतीच्या पासाची आठवण झाली, एवढं एक त्यांच्या ओळखीचं निघालं.

मी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग केलं आणि मास्टर्सला जर्मनीला गेले. यात आता नवल राहिलेलं नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त आपलेच. कारण उघड आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं.) तरी फुकट म्हणून उड्या मारू नयेत. व्हिसासाठी एक वर्षाचा खर्च आधीच एका खात्यात अडकवून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरोच हातात पडतात. आमच्या घरी त्यासाठी पप्पांच्या निवृत्तीचे पैसे आणि बँकेचं कर्ज दोन्ही लागलं.

हे सगळं एजंटपासून सीनिअरपर्यंत कुणीही सांगतं. टपालपेटीचं मात्र कुणी सांगत नाही. भोकरला आमच्या घराला नंबर आहे की नाही, मला आजही माहीत नाही. 'कंडक्टर साहेबांचं घर' एवढ्यावर पोस्टमन येतो, आम्ही नसलो तर पाकीट शेजारच्या काकूंकडे देतो, आणि काकू आतलं काय असेल तेही सांगून टाकतात. तिथं टपालपेटीवर आडनाव नसेल तर पत्र आल्या वाटेनं परत जातं. घर नंबर बरोबर, गल्ली बरोबर, तरीही. आणि पत्रानं काय काय येतं बघा: बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, आरोग्य विम्याचा कागद, कर क्रमांक, शिवाय रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. म्हणून राहायला गेल्यावर पलंगाआधी पेटीवर नावाची पट्टी, आणि दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद. ती नोंद नसेल तर पुढची निम्मी कामं अडून बसतात. आपल्याकडं माणूस ओळखीचा असला की कागद नंतर होतो. तिथं कागद झाला की माणूस ओळखीचा असायची गरजच उरत नाही. मला आधी याचा राग यायचा. पण कुणाला न भेटता, कुणाच्या ओळखीनं न जाता माझं प्रत्येक काम झालं, आणि बाईमाणसाला ही केवढी मोकळीक आहे हे कचेरीतून बाहेर पडताना कळायचं.

घर तिघींचं सामायिक होतं. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, कपाटात तेलाची बाटलीही वेगळी. केक समोर आला की हो किंवा नाही, एकदाच. तीनदा आग्रह, तीनदा नको, मग अर्धी पोळी, हे आपलं नाटक तिथं चालत नाही. नको म्हटलं की ताट उचललंच समजा. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा, आणि आदल्या दिवशी चुकूनही शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. शकुन-अपशकुन काय ते आपल्याच गावात, असं मला वाटायचं!

आईला सगळ्यात खटकली ती खिडकी. बाहेर बर्फ, आणि मी हीटर बंद करून दोन्ही तावदानं सताड उघडून उभी. "काय करू लालीस ते? येडी झालीस का?" तिथली घरं थंडीसाठी इतकी घट्ट बंद केलेली असतात की वरणाची वाफ, आंघोळीची वाफ, आपला श्वाससुद्धा आतच राहतो, गार भिंतीवर त्याचं पाणी होतं आणि महिनाभरात कोपऱ्याला काळी बुरशी धरते. म्हणून हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडायच्या. किलकिली ठेवून भागत नाही. तशानं भिंत गार होते आणि हवाही बदलत नाही. पुष्कळ भाडेकरारांतसुद्धा हे लिहिलेलं असतं. आपल्या चुकीनं बुरशी धरली तर अनामत रक्कम कापली जाऊ शकते. आमच्या पत्र्याच्या घरात हवा आपोआप येते-जाते, त्यामुळे आईला हे आजही पटलेलं नाही.

वर्गातलं वेगळंच. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. वेळापत्रकात दहा लिहिलं असलं तरी पुष्कळ तास सव्वादहाला सुरू होतात, ही जुनी विद्यापीठी चाल आहे. पण ट्राम चुकली म्हणून कुणाची भेट पाच मिनिटं उशिरा घेतली तर ते समोरच्याच्या मनाला लागतं. गुण उलटे: १.० सर्वांत चांगला, ४.० ला काठावर पास. १.७ पडले म्हटल्यावर घरी शांतता पसरली होती. आणि सरांना उलट विचारायचं असतं. गप्प बसलेल्या मुलीला तिथं शहाणी म्हणत नाहीत, तयारी न केलेली समजतात. यावर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, तिथं ओयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्यांची मापं घेतली, आणि मापांत वंशभेद दिसत नाही, असं त्याच्याच तोंडावर प्रबंधात लिहून १९३० मध्ये डॉक्टरेट घेतली. मला तर साध्या सेमिनारमध्ये हात वर करायला एक सत्र लागलं. कर्वेंचं ते त्या काळी केवढ्या छातीचं काम असेल.

रविवार जड जायचा. दुकानं कायद्यानं बंद, रिकाम्या बाटल्या काचेसाठीच्या सार्वजनिक डब्यात टाकायलाही मनाई, कारण आवाज होतो. घरी रविवार म्हणजे न सांगता येणारी माणसं, चहाची तिसरी फेरी. तिथं मैत्रिणीकडे जायचं तर बुधवारीच विचारावं लागायचं. ती यायला सांगायची, प्रेमानं वागायची, पण दार ढकलून 'काय चाललंय' म्हणणारं कुणी नाही. जर्मन बरी आली तेव्हा यातलं थोडं सैल झालं, कारण इंग्रजीतून अभ्यास होतो, गप्पा होत नाहीत.

आता नांदेडची पोरं-पोरी फोन करतात. "ताई, कुकर आणू का?" आण, तीन लिटरचा. रिंगा दोन जास्तीच्या घे, आपल्या कुकरची रिंग तिथल्या दुकानात मिळत नाही. ज्वारीचं पीठ फार आणू नकोस, कडू पडतं. काळा मसाला, येसर नीट सीलबंद आण आणि कस्टमवाल्यानं विचारलं तर आधीच काय आहे ते सांग. आणि बी-वन पातळीपर्यंत जर्मन इथंच कर, तिथं गेल्यावर क्लासला वेळ मिळतो असं ज्यानं तुला सांगितलंय, त्याला विचार की त्यानं स्वतः केलं का.