पॉइंट मारायच्या आधी, फुकट देणं थांबवा

आपल्या अकोटात क्रिकेट, कबड्डी, कुस्तीवर तासभर बोलणारा माणूस कोणत्याही चहाच्या टपरीवर भेटेल. टेनिसवर बोलणारा विरळाच. तरी आज विषय टेनिसचा. टेनिसचे कोच नवशिक्याला जे पहिल्या महिन्यात सांगतात, ते मला धंद्यात पडायच्या आधी कुणी सांगितलं असतं, तर माझे बरेच पैसे वाचले असते.

नवा खेळाडू कोर्टवर आला की त्याला टीव्हीवर पाहिलेला शॉट मारायचा असतो. जोरात, अगदी लाइनीवर. कोच म्हणतो, बाबा, आधी चेंडू जाळीपलीकडे आणि कोर्टच्या आत टाक. सलग दहा वेळा, मग वीस वेळा. कंटाळवाणं काम आहे. पण सायमन रॅमो नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने (टीआरडब्ल्यू कंपनीच्या नावातला 'आर' त्यांचाच) हौशी लोकांच्या मॅचेसचे पॉइंट मोजले. सुमारे ८० टक्के पॉइंट कुणी जिंकलेलेच नव्हते, समोरच्याने चुका करून घालवलेले होते.

म्हणूनच कोच तिरपा शॉट मारायला सांगतात. जाळी खांबापाशी साडेतीन फूट उंच असते, मधोमध तीन फूट. कोर्ट सरळ मोजलं तर ७८ फूट, तिरपं मोजलं तर ८२ फुटांच्या वर. म्हणजे तिरप्या चेंडूला जाळी बुटकी मिळते आणि पडायला जागाही जास्त. लाइनीवरचा सरळ शॉट दिसायला भारी, पण त्यात चुकीला जागाच नाही. कर्ज काढून, पाच वर्षांचा करार करून, एसी लावून पहिल्याच दिवशी दुकान उघडणं हा तो सरळ शॉट. तोच माल आधी आठवडी बाजारात चार बाजार विकून पाहणं, हा तिरपा.

आता सर्व्हिस. टेनिसमध्ये तिला दोन संधी असतात. पहिली चुकली तर चालते. दुसरी चुकली की डबल फॉल्ट, समोरच्याने हातही न हलवता पॉइंट त्याचा. म्हणून चांगला कोच दुसरी सर्व्हिस वेगळी घोटून घेतो. ती घाबरत ढकलायची नसते. हात पूर्णच फिरवायचा, पण चेंडूला फिरकी देऊन जाळीच्या बऱ्याच वरून काढायचा.

माझा डबल फॉल्ट ऐका. फ्लेक्स प्रिंटिंगचा धंदा होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या, ऑर्डरींचा पाऊस पडला. दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाचे बॅनर करून घेणारी रोजची रोखीची गिऱ्हाइकं मी "आठ दिवसांनी या" म्हणून परत पाठवली. निकाल लागला. हरलेल्यांनी फोन उचलणं बंद केलं. निवडून आलेला एक म्हणे, "भाऊ, कापूस इकला का देतो." तो कापूस बहुतेक अजून घरातच पडून आहे! आणि पाटीवाली गिऱ्हाइकं तोवर दुसरीकडे रुळली होती. मला कुणी हरवलं नव्हतं. निवडणुकीचं काम ही माझी पहिली सर्व्हिस होती, ती चुकली असती तरी चाललं असतं. पाट्या ही दुसरी, तीच मी सोडली.

एक ताई परवा विचारत होत्या, "सर, असं सावध खेळून मोठं कधी व्हायचं?" रास्त प्रश्न. अंकिता रैना शाळकरी वयात अहमदाबादहून पुण्याला हेमंत बेंद्रे सरांकडे टेनिस शिकायला आली. २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत तिला एकेरीचं कांस्य मिळालं, तेव्हा ती २५ वर्षांची होती. जोराचे शॉट तीही मारतेच की. पण आधी किती वर्षं घोटलंय ते बघा.

या रविवारी वही घ्या. गेल्या तीन महिन्यांत हातचे गेलेले पैसे लिहा: थकलेली उधारी, खराब झालेला माल, वेळ चुकल्याने परत गेलेलं गिऱ्हाईक. प्रत्येकापुढे लिहा, समोरच्याने जिंकलं की मी दिलं. बेरीज कमेंटमध्ये टाका. लाजू नका, माझी मी सगळ्यांत आधी टाकतो.