शुक्र, सदका आणि चार टायर

आमच्या घरात गाडी आली ती 1992 साली. अब्बांनी सेकंडहँड पद्मिनी घेतली होती. रंग मूळचा कोणता हे कुणाला सांगता येत नव्हते, पण मोहल्ल्यात आमचा रुबाब वाढला. पहिल्याच मे महिन्यात अब्बा आम्हा सगळ्यांना घेऊन अकोल्याहून अमरावतीला फुफूच्या घरी निघाले. अकोल्याचे मे महिन्यातले ऊन वाचकांना सांगायला नको. मूर्तिजापूरच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. अब्बा उतरले, हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कारंज्यासारखे वर उडाले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. तोंड बाजूला होते म्हणून डोळे वाचले. अम्मी रडत रडत एकच म्हणत होत्या, "अल्लाहचं शुक्र, डोळे वाचले."

तो डाग अब्बांच्या हातावर अजून आहे. गाडी गरम झाली की इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास सावलीत उभी करायची आणि तोवर झाकणाला हात लावायचा नाही, एवढे कुणी आधी सांगितले असते तर! पण त्या काळी गाडी चालवायला शिकवणारे पुष्कळ होते, गाडी सांभाळायला शिकवणारा कुणी नव्हता.

माझे सासर अमरावतीचे आणि माहेर अकोल्याचे. त्यामुळे ह्या शंभरेक किलोमीटरच्या रस्त्याशी माझे नाते जवळजवळ घरच्या माणसासारखे आहे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 होता, आता 53 आहे. चौपदरीकरणाचे काम कित्येक वर्षे रखडले. एक बाजू खोदलेली, दुसरीवर खड्डे, मध्येच वळणरस्ता आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. अकोल्याला पोहोचलो की अम्मी आधी पाणी द्यायच्या आणि मग विचारायच्या, "किती तास लागले?"

2019 च्या डिसेंबरात अकोल्याहून भाचीचा वलीमा आटोपून आम्ही रात्री परत निघालो. मुलांचे अब्बू गाडी चालवत होते, मी शेजारी आणि दोन्ही मुले मागे झोपलेली. बोरगाव मंजूच्या पुढे समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला. तो गेला आणि पाहतो तर पुढे पंधरा-वीस फुटांवर कापसाची ट्रॉली! मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. ह्यांनी गाडी डावीकडे ओढली आणि आम्ही खोदून ठेवलेल्या बाजूत उतरलो. बंपर तुटला, एक दिवा फुटला. मुले जागी झाली, बाकी कुणाला ओरखडासुद्धा नाही.

ट्रॅक्टरवाला धावत आला. तो स्वतःच थरथरत होता. "लेकरं तं ठीक हायत ना माय?" एवढेच विचारत राहिला. त्याच्याशी भांडायचे मी मनात ठरवले होते, पण शब्द फुटला नाही. त्यानेच साखळी लावून गाडी बाहेर ओढून दिली.

घरी आल्यावर दोन रकात शुक्राने पढले. सासूबाईंनी मुलांवरून सदका उतरवला. पुढे किती दिवस तरी आम्ही सगळ्यांना सांगत होतो, अल्लाहने वाचवले. ते खरेच आहे. पण तेव्हा गाडीचा वेग तीसच्या वर नव्हता, हेही खरे आहे. रस्ता इतका वाईट होता की त्यापेक्षा जोरात जाताच येत नव्हते. ज्या खड्ड्यांना आम्ही शिव्या देत होतो त्यांनीच त्या रात्री आमची गाडी हळू ठेवली होती. हे माझ्या लक्षात यायला साडेतीन वर्षे लागली.

मधल्या काळात रस्ता झाला. 2022 च्या जूनमध्ये आमचा हा गरीब रस्ता जगभर गाजला. 3 जूनच्या सकाळी काम सुरू झाले आणि 7 जूनच्या संध्याकाळी, 105 तास 33 मिनिटांत, लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटर डांबरी थर सलग टाकून झाला. गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारचा होता, 25 किलोमीटरचा. (शाळेत गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्याने लगेच हिशेब मांडला की हे 75 किलोमीटर एका लेनचे आहेत, दोन लेनच्या रस्त्यात मोजाल तर साडेसदतीस. तरीही विक्रम तो विक्रम.) आम्हाला आनंद एवढाच की माहेर जवळ आले.

2023 च्या मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर, अम्मींना अमरावतीला आणायचे होते. दुपारी जेवून अकोल्याहून निघालो. गाडी रेशमासारखी चालली होती. काटा नव्वदच्या पुढे कधी गेला ते कळले नाही. अम्मी मागच्या सीटवर दोन्ही मुलांच्या मध्ये बसल्या होत्या. मुलाच्या शाळेत नुकतीच वाहतूक सुरक्षेची माहिती झाली होती, म्हणून त्याने बहिणीला आणि स्वतःला पट्टा लावला होता. नानीलाही लाव म्हणाला. अम्मी म्हणाल्या, "मी काय गाडी चालवते का?" आम्ही हसलो. मीही हसले, हे लिहायला मला लाज वाटते. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे. सायरस मिस्त्रींसारखा मोठा उद्योगपती 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ मागच्या सीटवर पट्ट्याविना गेला, हे मी स्वतः वर्गात सांगितले होते.

कुरूमच्या जवळ मागचा डावा टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी मागून झोकांड्या खाऊ लागली. ह्यांनी ब्रेक दाबला नाही. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडी हळूहळू कडेला नेली. शेजारच्या लेनमध्ये त्या क्षणी ट्रक नव्हता. एका मिनिटापूर्वी होता. अम्मींचे कपाळ पुढच्या सीटवर आदळले आणि टेंगूळ आले. मुलांना काहीच झाले नाही.

खाली उतरून स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही! मोटरसायकलवरून जाणारा एक शेतकरी थांबला. "कायले एवढ्या जोरात पयवता गाडी?" म्हणून आधी रागावला आणि मग स्टेपनी मागे बांधून हवा भरून आणली. पैसे घेतले नाहीत.

गाडी घसरू नये म्हणून आम्ही चाकांना दगड लावले होते. टायर बदलला आणि निघालो. थोडे पुढे गेल्यावर अम्मी म्हणाल्या, "दगड उचलले का?" कुणीच उचलले नव्हते. ह्यांनी गाडी कडेला थांबवली आणि त्या उन्हात मागे चालत जाऊन तीन दगड बाजूला टाकून आले. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हे ईमानाचाच एक भाग आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण महामार्गावर बंद पडलेली गाडी निघून जाते आणि तिचे दगड तिथेच राहतात. रात्री मोटरसायकलवाला त्यांच्यावर आदळतो.

घरी पुन्हा सदक्याची गोष्ट निघाली. भाईजान फोनवर म्हणाले, बकरा द्या. हे म्हणाले, "देऊ, पण आधी चार टायर." अम्मींना ते आवडले नाही. त्यांना वाटले जावई सदक्यात हिशेब करतो आहे. दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात कारागिराने बोट ठेवून दाखवले. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर 2317 होते, म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली होती म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण रबर सहा वर्षांत कडक झाले होते, बाजूंना बारीक चिरा होत्या. त्यात हवा कमी. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबत राहते, त्याने तो आतून तापतो, आणि वर मे महिन्याचा रस्ता. निघण्यापूर्वी आम्ही सफरची दुआ पढलो होतो. हवा तपासली नव्हती. उंट बांधून मग भरवसा ठेवायचा ही हदीस मी कितीदा तरी मुलांना सांगितली आहे.

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी, 1 जुलै 2023 च्या पहाटे, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून 25 माणसे गेली. त्या दिवसापासून "अल्लाहने आम्हाला वाचवले" हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वीसारखे सहज निघेना. आणि त्याच महिन्यात एक गोष्ट घडली.

स्टाफरूममध्ये मी टायरचा किस्सा सांगत होते. अल्लाहची कशी मेहरबानी, शेजारी ट्रक कसा नव्हता, सगळे रंगवून. दारात एक बाई उभी होती. मुलाचा दाखला काढायला आली होती, कारण ती आता माहेरी राहणार होती. नवरा ह्याच रस्त्यावर मोटरसायकलवरून गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. बराच वेळ तो तसाच पडून होता, पोलिसांचे लचांड नको म्हणून कुणी हात लावला नाही. तिने माझे सगळे ऐकले असावे. मी गप्प झाले. तीच म्हणाली, "बरं झालं मॅडम, लेकरं वाचली." आणि सही करायला पेन मागितले.

तिच्या नवऱ्यावर अल्लाहची मेहरबानी नव्हती असे म्हणायची माझी काय हिंमत! आपण वाचलो ते आपल्या नेकीने, असे मी कधी बोलले नव्हते; पण माझ्या सांगण्याच्या सुरात ते होते का, ह्याचा विचार त्या रात्री बराच वेळ केला. 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर गेली. त्यांत शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. दहांपैकी सात मृत्यूंमागे अतिवेग. त्यांतही दुआ पढून निघालेले असतीलच.

कायद्याने आता जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून नेमलेल्या दवाखान्यांत अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनारोकड होतात. महामार्गावर 1033, रुग्णवाहिकेसाठी 108. हे आकडे मी मुलांकडून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते. त्या बाईचा मुलगा वर्गात असता तर कसे सांगितले असते, माहीत नाही.

बकरा दिलाच. टायरही चार घेतले. अम्मींचे म्हणणे की क्रम चुकला.

मागच्या ईदला त्यांना आणायला गेलो तेव्हा अब्बा खाली उतरून काठीने एकेका टायरला ठोकून पाहत होते. "असं कळत नाही अब्बा, मीटरनं पाहावं लागतं," मी म्हटले. "माझ्या समाधानासाठी," म्हणाले. आत अम्मींनी दुआ पढून सगळ्यांवर फुंकर घातली आणि मग पट्ट्याशी झटू लागल्या. टक्क असा आवाज येईपर्यंत नातवाने त्याच्या अब्बूंना गाडी सुरू करू दिली नाही.