चहापत्तीच्या दुकानातले गिऱ्हाईक

चहा पिण्याच्या हॉटेलात कसे वागावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. आज बोलायचे आहे ते नुसती चहापत्ती विकणाऱ्या दुकानाविषयी. नाशिकला रविवार कारंजा, मेन रोड या बाजूला बाजाराला आलेला खेड्यावरचा मनुष्य अशा दुकानाची पायरी चढतो, "पाव किलो द्या, कडक" एवढेच बोलतो आणि पैसे पुढे करतो. घरी चहा मनासारखा उतरला नाही, की दुकानदार चोर ठरतो! दर वेळी तो चोर असतोच असे नाही. त्याला काही सांगितलेलेच नसते.

चहाचे मोठे मळे आपल्याकडे नाहीत. पत्ती येते आसाम, उत्तर बंगाल, निलगिरी या भागांतून. बरीचशी कोलकाता, गुवाहाटी, सिलिगुडी, कुन्नूर येथील लिलावांत विकली जाऊन. आपण पितो तो बहुतेक दाणेदार चहा, म्हणजे पाने दातेरी रुळांत चिरडून, फाडून, वळवून केलेला. ही रीत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दाणा जितका बारीक, तितका रंग लवकर सुटतो. अगदी बारीक ती भुकटी, म्हणजे 'डस्ट'. हॉटेलवाले ती नेतात, कारण एका किलोत कप जास्त निघतात. मोठा दाणा सावकाश उतरतो. दार्जिलिंगची लांब पत्ती मात्र दूध-साखरेत उकळली तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. तिच्यावर गरम पाणी ओतून झाकण ठेवायचे असते.

तेव्हा भाव विचारण्याआधी आपल्या घरची रीत सांगावी. दूध म्हशीचे की गाईचे, साखर की गूळ, उकळी किती वेळ देता? जाणता दुकानदार त्यावरून दोन-तीन डबे उघडतो. पत्ती हुंगायला खुशाल मागावी, पण डब्यात हात घालू नये. तंबाखूचा हात तर मुळीच नको. चहा शेजारचा वास चटकन ओढून घेतो. म्हणून पुडा हिंग-लसणाच्या पिशवीतही टाकू नये. पहिल्या खेपेस शंभर ग्रॅमच न्यावा. वजनाआधी रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणायला सांगावे. यात संकोच कसला? पिशवीचे वजन चहाच्या भावाने का घ्यावे?

भेसळीची शंका आली तर दुकानात आरडाओरडा करू नये. घरी टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरून पाणी शिंपडावे. रंग दिलेला असेल तर कागदावर लगेच ठसठशीत डाग उमटतात. पत्तीवरून लोहचुंबक फिरवला, तर लोखंडाचा कीस चिकटतो. रुळांच्या झिजेनेही थोडे कण येतात, आणि त्याला कायद्याने मर्यादा घातली आहे. एखाद्या कणावरून कोणाला दोषी धरू नये. शिक्षकांनी हे दोन्ही प्रयोग वर्गात करून दाखवावेत, खर्च काहीच नाही. शंका पक्की वाटली तर पावती आणि पत्ती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यावी.

चहा चोख आहे, पण नुसता फिका लागतो, असे असेल तर फोडलेला पुडा परत घेण्याचा आग्रह धरू नये. त्यातली मूठभर पत्ती पुढच्या बाजाराला सोबत न्यावी आणि दुकानदाराला दाखवावी. ती पाहून, हुंगून मिश्रणात काय वाढवायचे ते तो सांगतो.