रेणूंचे वजन आणि शस्त्रवैद्याची सुरी

कर्करोगाची गाठ काढताना शस्त्रवैद्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. कोठपर्यंत कापावे? कमी कापले तर रोगाचे मूळ मागे राहते. अधिक कापले तर निरोगी अवयवाची हानी होते. रोगी व निरोगी ऊतक, म्हणजे पेशींचे जाळे, यांतील भेद नुसत्या डोळ्यांना नेहमीच दिसत नाही. म्हणून कापलेला तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यास वीस-तीस मिनिटे सहज लागतात, आणि तोवर रोगी बेशुद्धावस्थेत मेजावर पडून असतो. ही प्रतीक्षा कमी करू पाहणारे एक साधन विज्ञानाने शोधिले आहे. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचे वजन करणारे यंत्र होय. खळ्यावर धान्य उफणताना हलका भुसा वाऱ्याने दूर जातो आणि जड दाणे जवळ पडतात. या यंत्रातही काहीसे तसेच घडते. विद्युतभार दिलेले रेणू निर्वात पोकळीत आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे होतात व वजनावरून त्यांची ओळख पटते. परंतु पूर्वी पान असो वा मांस, ते आधी वाटून त्याचा अर्क काढावा लागे. त्यात वेळ जाई, आणि कोणता पदार्थ नेमका कोठे होता हेही कळत नसे.

२००४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहॅम कुक्स, झोल्तान ताकाच व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण दूर केली. विद्युतभारित द्रवाचा सूक्ष्म फवारा उघड्या हवेतच वस्तूवर मारावयाचा. उडालेले तुषार तेथील रेणू घेऊन यंत्रात शिरतात. दुसऱ्याच वर्षी आपल्या परसातील धोत्र्याच्या एका भाऊबंदाचे विष त्यांनी अर्क न काढता थेट झाडाच्या भागावरून ओळखून दाखविले.

पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ताकाच यांनी शस्त्रक्रियेतील विद्युत-सुरीचा धूर या यंत्राकडे वळविला. जो धूर त्याज्य मानीत, तोच बोलू लागला! सुरी ज्या ऊतकातून जाते ते कोणते, हे काही सेकंदांत कळू लागले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे शस्त्रक्रियांतील निष्कर्ष सूक्ष्मदर्शकाच्या निर्णयाशी जुळले. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातील लिव्हिया एबर्लिन यांच्या चमूने पाण्याच्या थेंबाने, न कापता, ऊतक तपासणारी लेखणी पुढे आणली. तिने २५३ नमुन्यांत ९६ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखविली.

तथापि उरलेल्या चार टक्क्यांतही कोणाचा तरी पिता, कोणाची तरी माता असू शकते. शिवाय यंत्रास स्वतःचे ज्ञान नाही. अनुभवी वैद्यांनी आधी पारखलेल्या नमुन्यांशी ते केवळ तुलना करते. म्हणून सूक्ष्मदर्शक व मानवी विवेक यांची गरज संपलेली नाही.

तेराव्या शतकात संत अल्बर्ट महान यांनी वनस्पती व प्राणी यांवर ग्रंथ लिहिले. १९४१ साली पोप बारावे पायस यांनी त्यांस निसर्गविज्ञानाच्या अभ्यासकांचे आश्रयदाते ठरविले. सृष्टी बारकाईने न्याहाळणे हीदेखील निर्मात्याची सेवाच आहे, हे त्यांच्या जीवनावरून दिसते.

ही साधने गावोगावच्या रुग्णालयांत आज मिळत नाहीत. पण कोणतेही साधन झाले तरी वेळेवर आलेल्या रोग्याच्याच अधिक उपयोगी पडते. अंगावर न दुखणारी गाठ दिसली, तर भगिनींनी संकोचाने व बंधूंनी बेफिकिरीने ती लपवू नये. प्रार्थना अवश्य करावी. आणि प्रार्थना करीतच वैद्याचे दार ठोठवावे.